मदतीला आलेल्या पेशी

पापडी, वसई
रविवार, ता. १२ जानेवारी २०२५

चि. जेन्सन यास,

कार्मिनबायचे अनेक आशीर्वाद, आणि त्यातला एक कान पिळून, कारण नाताळला आलास काय नि दोन जेवणं जेवून पुण्याला पळालास काय.

तू म्हणशील, हातात फोन असताना बाय पत्र कसलं लिहिते. बाबा रे, फोनवर तुझ्या लाडक्या भाचीच्या, एलिसाच्या पोटाचा विषय काढायची मला बंदी झाली आहे. आपलं घर तुला माहीत आहे, मागच्या पडवीत कुजबुजलं तरी पुढच्या खोलीत ऐकू जातं. चौथीच्या पोरांना जन्मभर पत्रलेखन शिकवलं, ते निवृत्तीनंतर तरी उपयोगी पडू दे.

बंदी का झाली ते ऐक, आणि हसू नकोस. नाताळ संपला नि एलिसाला परत रक्त पडायला लागलं. दोन वर्षांपूर्वी ते अल्सरेटिव्ह कोलायटिस निघालं तेव्हा वाटलं होतं, गोळ्या घेईल, चार महिन्यांत बरी होईल. कुठलं काय. मोठ्या आतड्याला आतून सूज, जखमा, दिवसातून किती वेळा जावं लागतं ते विचारायची सोय नाही. नायगावच्या शाळेत सहावीच्या वर्गावर उभी असते आणि मध्येच खडू टाकून धावते. मला राहवेना. मी फादरांना सांगून देवळात रविवारच्या मिस्सात तिच्यासाठी प्रार्थना ठेवली. आजार कोणता ते त्यांना कळावं म्हणून एका चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी वाचायला गेली आपल्या शेजारच्या ग्लोरियाकडे, आणि त्या बयेने माइकवरून जसंच्या तसं वाचलं की एलिसाच्या मोठ्या आतड्यातला रक्तस्राव थांबावा म्हणून प्रभूकडे प्रार्थना करू या. सगळं देऊळ म्हणालं, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. तिसऱ्या बाकावर कॅल्विनची आई बसली होती. कॅल्विन म्हणजे एलिसाच्याच शाळेत गणित शिकवतो तो, ज्याच्याशी तिचं लग्नाचं बोलणं चाललं आहे. एलिसा मिस्सा अर्धी टाकून घरी आली आणि तेव्हापासून माझ्याशी फक्त मीठ दे, पाणी दे एवढंच बोलते.

आता कामाचं. डॉक्टरांनी नवी गोळी दिली आहे, छोटी पिवळी, रोज घ्यायची. मी विचारलं ही काय करते, तर त्यांनी कागदावर गोल गोल काढून सांगितलं की शरीरात हेल्पर टी सेल म्हणून पांढऱ्या पेशी असतात, एलिसाच्या आतड्यात त्यांचा धुमाकूळ चालला आहे, ही गोळी त्यांना आवरते. मला काही हे पचलं नाही. हेल्पर म्हणजे मदतनीस ना? मग मदत करणाऱ्यालाच दाबायचं, हा कुठला न्याय? आजार रेड्याला नि औषध पखालीला. तू वीस वर्षं याच पेशींच्या मागे आहेस, उंदरांच्या का असेनात. सरळ मराठीत लिही, या पेशी आपल्या बाजूच्या की विरुद्ध?

परत बाथरूमचं दार वाजलं. सकाळपासून कितव्यांदा, देव जाणे. मी उठून दाराशी जाते नि परत येते, तिला ते आवडत नाही, पण पाय ऐकत नाहीत.

तुझे भाओजी लेस्टर बरे आहेत, केळीला पाणी लावतात नि गप्प राहतात. उत्तर लवकर धाड. लोभ ठेवतोस तसा ठेव, पण जरा घाईने ठेव.

तुझी
कार्मिनबाय

*

पुणे
ता. २३ जानेवारी २०२५

ती. कार्मिनबायच्या सेवेशी,

सा. न. वि. वि. त्यातलं साष्टांग कंबरेमुळे वगळून उरलेलं सगळं मनापासून आहे असं समजावं.

चिठ्ठीची गोष्ट वाचून मी हसलो नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. पण एलिसाच्या जागी मी असतो तर वसई सोडून गेलो असतो. तिला थोडे दिवस विचारू नकोस, एवढं तरी कर.

तुझा प्रश्न मात्र माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नांपेक्षा बरा आहे. ऐक. मदतनीस टी पेशी स्वतः लढत नाहीत. त्या हाक मारतात. आपल्या लहानपणी वाडीत चोर शिरला असं कुणी ओरडलं की काय व्हायचं, आठव. ओरडणारा जागेवरच उभा, पण त्याच्या आवाजावर अख्खा गाव कोयते, काठ्या, कंदील घेऊन धावायचा. शरीरात खरंच जंतू शिरला की या पेशी अशीच आरोळी देतात, म्हणून तर आपण जगतो. तेव्हा त्या आपल्याच बाजूच्या.

आता आतड्यात काय असतं? तिथे कोट्यवधी जंतू कायमचे राहतात, भाडेकरूंसारखे, आणि भाडंही देतात, कारण पचनाला त्यांची मदत होते. मदतनीस पेशींना हे शेजारी ओळखीचे असतात, त्या गप्प बसतात. एलिसाच्या आतड्यात मात्र त्या भाडेकरूंनाच चोर समजतात आणि आरोळी देतात. धावून आलेल्या पेशी जे काही हातात असेल ते फेकतात, त्यात चोर मरत नाही, आतड्याची भिंत मात्र फुटते. भिंत फुटली की जंतू आत झिरपतात, ते पाहून आणखी मोठी आरोळी, आणखी गर्दी. हे चक्र कुठून सुरू होतं ते आम्हाला अजून नीट माहीत नाही. थोडं रक्तातलं, थोडं त्या जंतूंचं, थोडं काय कोण जाणे.

याच जातीच्या आणखी काही पेशी असतात, त्यांचं काम म्हणजे पुरे झालं, घरी जा असं सांगणं. शांत करणाऱ्या पेशी म्हण. या आजारात त्या कमी पडतात, किंवा त्यांचं कुणी ऐकत नाही. म्हणून बाहेरून औषध द्यावं लागतं. एलिसाची पिवळी गोळी टी पेशींची भराभर होणारी वाढ रोखते. आरोळी देणारे कमी झाले की गाव झोपतो. गोळीचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात, तोवर धीर धर. अधूनमधून रक्त तपासावं लागेल, ते चुकवू नका.

एलिसाने काही वाईट केलेलं नाही, तूही नाही, आणि तिखट कालवणाचाही यात हात नाही. हे तिला सांग, म्हणजे मी सांगितलं असं सांग.

भाओजींना नमस्कार. केळी पाठवलीस तर परत पाठवणार नाही. माया आहेच, तिला हवं तर रोज पाणी लाव.

तुझा
जेन्सन

*

पापडी
रविवार, ता. २ मार्च २०२५

चि. जेन्सनला आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. शाबास. डॉक्टरांच्या गोल गोल चित्रांपेक्षा तुझा गाव नि कोयते बरे. आता मला सगळं कळलं, आणि मी कामाला लागले आहे.

तू लिहिलंस ना, शांत करणाऱ्या पेशी कमी पडतात. मग त्या वाढवायला नकोत का? एवढी साधी गोष्ट तुम्हा शिकलेल्यांना कशी सुचत नाही? ग्लोरिया म्हणाली, प्रतिकारशक्ती वाढवायला गुळवेलीसारखं दुसरं काही नाही. तिच्यावर माझा राग आहेच, पण गुळवेल तिच्या आंब्यावर आहे, तेव्हा राग गिळला. रोज सकाळी काढा करते. एलिसा तोंड वाकडं करून पिते. घरात भांडण नको म्हणून पिते, मला कळतं, पण पिते.

गोळ्यांचा वारांचा डबा आणला आहे, सोमवार ते रविवार कप्पे असलेला. तो दर रविवारी मिस्साहून आल्यावर मी भरते. तिला शाळा, पेपर, त्यातून धावपळ, तिच्या लक्षात कुठे राहणार. एकाच पोटात एक वस्तू पेशी दाबायला आणि दुसरी वाढवायला घालायची, हे काही मला पटत नव्हतं. त्याची सोय मी केली आहे, तू त्यात डोकं घालू नकोस.

आणि गंमत ऐक. परवा रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले की या गोळीने कुणाकुणाच्या पांढऱ्या पेशी फार खाली येतात, हिच्या अजिबात आल्या नाहीत, छान आहे. मी मनात म्हटलं, येतील कशा? रक्त पडणंही सध्या कमी झालंय. कॅल्विन मागच्या रविवारी येऊन गेला, मी तळलेले गोड फुगे खाल्ले, आईचा निरोप सांगितला की त्या रोज एलिसासाठी प्रार्थना करतात. एलिसा लाजेने लाल झाली, पण हसली. बघ, चिठ्ठीचंही काही वाईट झालं नाही.

बुधवारपासून उपवासकाळ सुरू होईल. मी मासळी सोडणार आहे आणि चहातली साखर. तू निदान उंदरांना छळणं सोड.

जीव लावतोस, तसाच लावत राहा, आणि कधी बायचंही चुकत नाही असं म्हणत जा.

तुझी
कार्मिनबाय

*

वसई
बुधवार, ता. १४ मे २०२५

प्रिय मामा,

सप्रेम नमस्कार, पडून केलेला.

मी हॉस्पिटलमध्ये आहे. तुला आईने फोनवर सांगितलं असेल की जरा ॲडमिट केलंय, सलाइन चाललंय. जरा वगैरे काही नाही. ईस्टरनंतर एकदम सुटलं. रक्तच रक्त, ताप, पोटात पिळा, उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधार. इथे येऊन चौथा दिवस. शिरेतून स्टेरॉइड देतायत, तरी आग पुरती विझत नाही. मी कागदावर लिहितेय कारण माझा फोन इथे बाथरूममध्ये पडून मेला, आणि आईचा फोन माझ्या उशाशी असला तरी आई पण उशाशीच असते. कॅल्विन याचा फोटो काढून तुला पाठवेल. तो वाचणार नाही असं म्हणालाय, आणि तो खरं बोलतो, तोच त्याचा प्रॉब्लेम आहे.

डॉक्टर आज स्पष्ट बोलले. गोळी फेल गेली. चार महिने नीट घेऊनही एवढा मोठा अटॅक आला म्हणजे माझ्या पेशी त्या औषधाला दाद देत नाहीत. आता एक तर दुसरं ड्रिपचं औषध, ज्याचा भरवसा त्यांना स्वतःलाच कमी वाटतो, नाहीतर ऑपरेशन करून मोठं आतडं पूर्ण काढायचं आणि पोटावर पिशवी लावायची. शुक्रवारच्या राउंडला ठरवू म्हणाले. त्यांचा कल ऑपरेशनकडे आहे. थांबलं आणि आतडं फुटलं तर जिवावर येतं.

मामा, मी हो म्हणणार आहे. शप्पथ, कंटाळा आलाय. आई म्हणते मी हिंमत हरले. हरले तर हरले. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली आहे. पिशवी लावून वर्गावर उभी राहीन, पोरं दोन दिवस हसतील, मग विसरतील. कॅल्विनला विचारलं, तर म्हणाला तू राहिलीस म्हणजे झालं, बाकीचं बघू.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी एकही गोळी चुकवली नाही. आई डबा भरायची, मी रोज रात्री जेवल्यावर ती छोटी पिवळी गोळी घ्यायची. तो घाणेरडा काढासुद्धा प्यायले, तू फोनवर बंद करा म्हणालास तोपर्यंत. सगळं सांगितलं तसं केलं, तरी माझ्याच पेशी मला ओळखत नाहीत. असं काय आहे माझ्यात? तुझ्या उंदरांमध्ये पण असे असतात का, ज्यांना कुठलंच औषध लागू पडत नाही?

सोबत फेब्रुवारीअखेरचे आणि आताचे रिपोर्ट पाठवतेय. काही दिसलं तर सांग. नाही दिसलं तरी काहीतरी लिही, इथे भिंतीकडे बघून डोकं फिरतं.

मला विसरू नको, पण माझ्यासाठी कुठे माइकवरून प्रार्थना पण ठेवू नको.

तुझी
एलिसा

*

पुणे
गुरुवार, ता. १५ मे २०२५

ती. बाय,

नमस्कार. आज खुशाली विचारत नाही, वेळ नाही.

आपली चुलतबहीण रोझमेरी आत्ता दुपारच्या गाडीने वसईला निघते आहे, तिच्या हाती हे देतोय. तुझा फोन एलिसाच्या उशाशी असतो, म्हणून फोन केला नाही. हे बाहेर जाऊन एकटीने वाच.

एलिसाचे रिपोर्ट मी पाहिले. चार महिने ती गोळी घेणाऱ्याच्या तांबड्या पेशी बहुतेक वेळा आकाराने जरा वाढतात, पांढऱ्या थोड्या उतरतात. एलिसाच्या रक्तात गोळीची काही खूणच नाही. नुसत्या यावरून काही सिद्ध होत नाही, रक्त गेल्यानेही आकडे फिरतात. पण मग मार्चमधलं तुझं पत्र काढून वाचलं. मी त्या वेळी ते हसत हसत वाचलं होतं आणि फोनवर काढा बंद करा एवढं सांगून मोकळा झालो होतो. एकाच पोटात दाबणारी नि वाढवणारी वस्तू नको, त्याची सोय मी केली आहे, असं तू लिहिलंस. बाय, ती सोय काय होती?

तू डब्यात दुसरंच काही भरत होतीस. मला खात्री आहे, आणि माझं चुकत असेल तर मी तुझे पाय धरीन.

शांत करणाऱ्या पेशी कमी पडतात असं मी लिहिलं, ते तू शब्दशः घेतलंस. डाळ कमी पडली तर मूठभर आणखी घालावी, तसं. ते तसं नसतं. काढ्याने वाढलंच असेल काही, तर कोणती पेशी वाढली हे कुणाला ठाऊक. आणि ज्या औषधाने आरोळी आवरायची होती, ते तिच्या पोटात गेलंच नाही. मी पत्र गोड करून लिहिलं, त्याचा दोष माझ्या वाट्याला घेतो. उरलेला तुझा तू घे.

आता नीट वाच. औषध फसलं असं धरून डॉक्टर उद्या निर्णय घेणार आहेत. औषध फसलेलं नसेल तर त्यांच्या हातात आणखी एक वाट शिल्लक राहते. ऑपरेशन तरीही करावं लागेल कदाचित, तो त्यांचा निर्णय, पण तो खऱ्या माहितीवर व्हायला हवा. एलिसाचं आतडं उद्या सकाळी तुझ्या शब्दावर अवलंबून आहे.

राउंडच्या आधी डॉक्टरांना सांग. एलिसासमोर सांग, तिच्या पाठीमागे नको. नाही सांगितलंस तर दहा वाजता मी डॉक्टरांना फोन करणार. मग ते माझ्या तोंडून होईल, आणि ती तुला आयुष्यभर माफ करणार नाही. परवा मी येतोच आहे.

रागावलोय, तरी तुझाच आहे.

जेन्सन

*

नायगाव
ता. २२ जून २०२५

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि.

तू मला पत्रं लिहायला शिकवलीस, तेव्हा त्यातलं पहिलं खरं पत्र असं लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. फोनवर बोलले तर मी ओरडेन आणि तू रडशील, म्हणून लिहितेय.

त्या शुक्रवारी डॉक्टर आले, मी ऑपरेशनच्या कागदाकडे हात केला, आणि तू खुर्चीवरून उठलीस. मला वाटलं, आता परत नवस बोलणार. तू म्हणालीस, "गोळी फसलेली नाही, डॉक्टर. फेब्रुवारीपासून गोळी तिच्या पोटात गेलीच नाही. मी डब्यात रक्तवाढीच्या पिवळ्या गोळ्या भरत होते." नर्स हातातलं काम सोडून बघत राहिली. डॉक्टरांनी कागद परत फाइलमध्ये ठेवला आणि म्हणाले, आता नव्याने विचार करू.

ते ड्रिप लागू पडलं ही देवाची कृपा. त्या आरोळ्या ज्या रसायनातून दिल्या जातात, ते रसायनच पकडून ठेवतं, असं मामाने सांगितलं. आता खरी पिवळी गोळी सोबत आहे. आतडं माझं माझ्याजवळ आहे. पुढे काय होईल ते कुणी सांगत नाही, पण आज आहे.

मला राग कशाचा आला ते सांगते. तू गोळी बदललीस त्याचा आलाच. पण त्याहून जास्त याचा, की किती दिवस मी माझ्याच शरीराला शिव्या घातल्या. मला वाटायचं, मी इतकी बिघडलेली आहे की औषधसुद्धा मला नको म्हणतं. आणि तू शेजारी बसून माझे पाय चेपत होतीस. तुला माहीत होतं, आई.

मामा म्हणतो, त्या पेशी वाईट नसतात, त्या मदतीलाच येतात, फक्त थांबायचं केव्हा हे त्यांना कळत नाही. मी म्हटलं, ओळखते मी अशा एका बाईला. तो हसला नाही, मीही हसले नाही.

म्हणून मी इथे खुशीबरोबर खोली घेतली आहे. ती आमच्याच शाळेत आहे, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. हे भांडून जाणं नाही, लग्नापर्यंत इथेच राहीन. कॅल्विनने तारीख पुढे ढकलू म्हटलं, मोडू नाही म्हटलं. गोळ्या मी भरते, मी घेते. बाथरूमच्या दाराशी कुणी उभं राहत नाही, हे किती मोठं सुख आहे ते तुला सांगता येणार नाही. तू इतक्यात येऊ नको. मी बोलावीन. डबा पाठवू नको, पप्पांच्या हाती पण नको, काल ते खाली गेटपाशी पिशवी लपवून उभे होते. मी त्यांना चहा पाजून पिशवीसकट परत पाठवलं.

माझं तुझ्यावर प्रेम आहे. आत्ता ते लांबून करू दे.

तुझी
एलिसा

*

पापडी
ता. १३ जुलै २०२५

चि. जेन्सनला अनेक आशीर्वाद. कान पिळायचा हक्क मी सध्या गमावला आहे, तेव्हा नुसतेच आशीर्वाद.

तू फोनवर विचारतोस, बाय, कशी आहेस. काय सांगू? घरात मला करायला काही उरलं नाही. सकाळी उठते, दोघांपुरता चहा होतो तो तिघांचा टाकते, मग उरलेला ओतून देते. मोगऱ्याचा वाफा निंदून काढला, तण संपलं तर चांगली रोपंही उपटली, तेव्हा लेस्टरने माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं. जन्मात पहिल्यांदा तो माझ्याशी मोठ्याने बोलला. म्हणाला, बस जरा, कुठेतरी बस. देवळात जाऊन बसले तर तिथेही बाक पुसायला लागले. फादरांकडे पापनिवेदन केलं. ते म्हणाले देवाने क्षमा केली. देवाचं ठीक आहे रे, देवाने कुठे त्या गोळ्या घेतल्या होत्या.

मला वाटायचं, आईने केलेलं कधी अंगाशी येत नाही. आलं. ते कबूल करताना जीभ जड होते, पण तुझ्याजवळ नाही करणार तर कुणाजवळ.

आता बातमी. गुरुवारी एलिसाचा फोन आला. ड्रिपचा दिवस होता, हॉस्पिटल म्हणतं सोबत कुणीतरी हवंच, आणि कॅल्विनला शाळेतून सुटी मिळेना. म्हणाली, येशील का, पण हात हलवत ये. मी तशीच गेले. रिक्षात हातांचं काय करावं कळेना. पिशवी नाही, डबा नाही, रोझरी तेवढी घेतली होती, तीही पर्समध्येच ठेवली, म्हटलं तिला वाटेल परत सुरू झाली.

नर्सने विचारलं, सोबत कोण? एलिसा म्हणाली, "आई आहे. ती नुसती बसेल."

आणि मी बसले, जेन्सन. सलाइन थेंब थेंब चाललं होतं. तिच्या पायावरून चादर सरकली, मी उठले नाही. खोलीत गारठा होता, तिने स्वतः ती वर ओढली. तिचा खाकऱ्याचा पुडा खाली पडला, तिने वाकून उचलला. मग ती सलाइनचा दांडा ढकलत बाथरूमला गेली. दार लागलं. माझं सगळं अंग त्या दाराकडे गेलं, मी तेवढी खुर्चीवर राहिले, दोन्ही हात मांडीखाली दाबून. घाम फुटला मला त्या गारठ्यात. किती वेळ झाला ते मी बघितलं नाही, घड्याळाकडे पाठ करून बसले होते.

ती बाहेर आली, पलंगावर बसली, दांडा सरळ केला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. दोन वर्षांत मी तिला हजार वेळा विचारलं असेल आणि ती हजार वेळा चिडली असेल. या वेळी मी विचारलं नाही. तिनेच मला हाक मारली आणि हळूच म्हणाली, "आई, आज रक्त नव्हतं."

मी बरं म्हटलं. एवढंच म्हटलं.

माझा लोभ होता तेवढाच आहे, कमी झालेला नाही. हात मात्र मांडीखाली आहेत.

तुझी, नुसती बसलेली
कार्मिनबाय